भिंती नसलेल्या वर्गाची वाटणी

मी, फुआतिनो लेआऊपेपे, वय त्रेपन्न, राहणार साफोतू, बेट सवाई, धंदा लोकांना नोकरीच्या लायक करणे, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि स्मरणशक्ती तर नातेवाइकांना नको इतकी शाबूत आहे. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. पुढच्या महिन्यात मी ऑकलंडला पित्ताशयातले खडे काढायला जाते आहे, एवढेच निमित्त. या ऑपरेशनने कोणी मरत नाही असे डॉक्टर म्हणतात. तसे म्हणण्याचाच त्यांना पगार असतो. माझे याआधीचे मृत्युपत्र कोणी पुढे केल्यास ते खोटे समजावे.

कलम १. माझे घर आणि वर्गाचे फाले, म्हणजे खांब, छप्पर आणि चारी बाजूंनी वारा, ज्या जमिनीवर उभे आहेत ती कुळाची आहे. ती मला कोणाच्या नावे करता येत नाही. तिच्यावर काय व्हावे ते कुळप्रमुख या नात्याने माझे थोरले बंधू तुआला ठरवतात. म्हणजे या कागदातली एकमेव मोलाची वस्तू माझ्या हातात नाही. वकील म्हणाले, "मग बाई, लिहिता कशाला?" मी म्हटले, "तुम्ही लिहून घ्या. उरलेलं मी बोलून घेते."

कलम २. शिवणयंत्र चर्चच्या महिला मंडळाला द्यावे, ते कोणाकडे राहणार यावरून मंडळ फुटणार नसेल तर. गवत कापायचे यंत्र तुआलादादांनी दोन दिवसांसाठी म्हणून नेले, त्याला आता वयात आलेली झाडे साक्षी आहेत. त्यांच्या घरामागून ते जो परत आणेल, त्याचे.

कलम ३. बँकेतली शिल्लक माझ्या अंत्यविधीला वापरावी, पण आमच्या रिवाजाप्रमाणे आल्यागेल्यांना वाटायला टिनमधल्या माशांच्या खोक्यांचे डोंगर रचू नयेत. माझी स्तुती प्रत्येकाने दोन मिनिटांत आटपावी. मीही माझ्या उमेदवारांना स्वतःविषयी बोलायला तेवढीच देते, आणि त्यांना तीही फार होतात. आमच्यात स्वतःचे गुण सांगणे हे वाईट वळण. मी एकोणीस वर्षांची असताना राजधानीत, आपियाच्या हॉटेलात मला विचारले, "तुम्हाला काय चांगलं येतं?" मी म्हणाले, "आमच्या आईला चटया फार सुरेख विणता येतात." काम धुण्याचे होते म्हणून मिळाले.

पुढे न्यूझीलंडमध्ये सफरचंदांच्या कारखान्यात मी मुकादम झाले, टेबलाच्या पलीकडे बसले, आणि आमची माणसे कशी परत जातात ते पाहिले. बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोर उभे राहणे आम्हाला शोभत नाही, म्हणून आत येताच बसतात. ते उद्धट ठरतात. मान खाली घालतात. ते लबाड ठरतात. "पाच वर्षांनी कुठे असाल?" असे विचारले तर एकीने सांगितले, "चर्चमध्ये, आईच्या मागच्या बाकावर." मी नोकरी सोडून गावी आले आणि मुलाखतीला कसे बसावे-बोलावे ते शिकवणारा वर्ग काढला.

कलम ४. वर्गातला फळा, टेबल, दोन बंद पडलेले फोन हे सर्व माझ्या धाकट्या, दिवंगत बहिणीची मुलगी मासिना हिला. ती आपियाच्या हॉटेलात स्वागताला असते. माझ्या पोटदुखीत रजा घेऊन आली आणि वर्ग सांभाळू लागली. कारण लिहून ठेवते.

सुतार पेसे याला न्यूझीलंडहून फोनवर मुलाखत होती. पलीकडून विचारले, "फोर्कलिफ्ट चालवता येते?" पेसेने भुवया उंचावल्या. आमच्यात त्याचा अर्थ 'हो'. पलीकडच्याने वाट पाहून फोन ठेवला. दुसऱ्या खेपेला तुआलादादा शेजारी बसले. ते गावाचे वक्ते. "बोलणं माझं काम, त्याचं नाही," म्हणून त्यांनी फोन घेतला आणि कुळाच्या मूळ पुरुषापासून सुरुवात केली. आजोबा येण्याआधीच फोन कटला.

मग मासिनाने पेसेला स्वतःच्या पाठीला पाठ लावून बसवले.

"पेसेकाका, कोको हवा?"

शांतता.

"नको तर राहिला. मी पिते."

"अगं, केव्हाचा हो म्हणतोय."

"कशाने म्हणताय?"

"तोंडानेच. जरा वरच्या बाजूने."

दादा मध्ये बोलायला गेले. "मामा, तुम्ही नाही. ते बोलतील," ती म्हणाली. दादांना गप्प बसा म्हणणारे माणूस मी प्रथमच पाहिले. तिसऱ्या खेपेला पेसेने "हो" म्हटले आणि नोव्हेंबरात तो निघतो आहे.

कलम ५. दादांना वर्गाच्या जागी पाहुण्यांसाठी झोपड्या बांधायच्या आहेत. आमच्यात भावाने बहिणीचा शब्द मोडायचा नसतो, म्हणून 'वर्ग राहील ना?' असे मी विचारले की ते भुवया उंचावतात आणि दुसऱ्या दिवशी मोजायची टेप घेऊन येतात. मासिनाला हॉटेलला उद्यापर्यंत कळवायचे आहे. फाले राहणार नसेल तर ती परत जाईल, आणि तिचे बरोबरच असेल.

म्हणून आज दादांना, मासिनाला आणि पेसेला वकिलांकडे आणून वरील सर्व वाचून दाखवले.

"मला काहीच नाही?" दादा म्हणाले.

"काहीच नाही. म्हणून तर तुमची साक्ष चालते."

दादांनी खिडकीतून धक्क्यावरची बोट पाहिली. मग वकिलांना म्हणाले, "लिहा. फाले वर्गासाठीच राहील. मासिना चालवेल. हे मी, तुआला, बोलतो आहे."

"आणि झोपड्या?" मी विचारले.

"समुद्राकडे बांधू. पण माझी एक अट आहे. बोटीच्या ऑफिसात लाउडस्पीकरवर बोलायला माणूस हवाय. मुलाखत घेतात म्हणे."

"दादा, तुम्ही एकसष्ट वर्षांचे."

"आवाज नाही एकसष्टचा. मासिना, मला आजवर कोणी प्रश्नच विचारला नाही गं. उत्तर कसं देतात?"

"थोडक्यात देतात, मामा," ती म्हणाली. "सोमवारी या."

तिने तिथूनच हॉटेलला फोन लावून नोकरी सोडली, दोन वाक्यांत. सबब कलम ४ माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून अमलात यावे.

स्थळ: सालेलोलोगा. दिनांक: १० ऑक्टोबर २०२४.

सही: फुआतिनो लेआऊपेपे

साक्षीदार १: पेसे, सुतार, साफोतू.

साक्षीदार २: तुआला, कुळप्रमुख, गावाचे वक्ते, उमेदवार.