नकाशातलं कोरं वावर

नागपूर, ६ जानेवारी १९९२

ती. गयाआत्यास रेणुकाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या ठेच्याची बरणी संपली, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं पत्र तू नीट वाचशील. उन्हाळ्यात आपल्या भीमपूरच्या शिवारातून आम्ही वेचलेल्या जुन्या खापरांची माहिती मी कॉम्प्युटरमध्ये भरली. कुठलं खापर कुठे मिळालं ते सांगितलं की पडद्यावर त्या जागी हिरवा ठिपका उमटतो. ठिपके दाट असतील तिथे जुनी वस्ती, असा आमचा हिशोब. सगळ्यांत दाट ठिपके म्हसोबाच्या ओट्यापाशी आलेत.

माझ्या मार्गदर्शक सरांचा या यंत्रावर काडीचा विश्वास नाही. तरी माझ्या हट्टापायी ते तिथे खणायला तयार झालेत. परवानगी कुठल्याही एकाच जागी खणायची आहे. तिथे काही निघालं नाही तर माझं संशोधन आणि कॉम्प्युटर, दोन्ही गुंडाळावी लागतील. जीव मुठीत धरून बसले आहे.

तुझी लाडकी (हे मीच ठरवलंय),
रेणुका

भीमपूर, १३ जानेवारी १९९२

चि. रेणुका हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी कपाळाला हात लावला. अगं, ओट्यापाशी कुणी राहत नव्हतं. वखरताना खापर किंवा मणी वर आला की तो घरी न्यायचा नाही, म्हसोबापुढे ठेवायचा, असा आपल्या गावचा रिवाज आहे. तू आठव्या वर्षीच शिकायला गेलीस, तुला हे कोण सांगणार? नागोराव शेजारी तर पोट धरून हसला. म्हणाला, देवापुढचं उचलून नेलं, मंग देव पोरीले फिरवनारच.

पण रडत बसू नकोस. ज्या घराचं वावर ज्या दिशेला, ते घर ओट्याच्या त्याच बाजूला खापरं ठेवतं. मी घरोघर फिरून कुणाची जागा कोणती ते लिहून आणलं, यादी सोबत आहे. तू खापरांच्या पिशव्यांवर ओट्याची बाजू लिहिली असलीस म्हणजे मिळवलं.

घाबरू नकोस, जेवत जा.
तुझी आत्या

नागपूर, २१ जानेवारी १९९२

ती. आत्यास शि. सा. न.

आधी रडले, मग पिशव्या काढल्या. बाजू लिहिली होती! सरांना चूक मीच जाऊन सांगितली. ते रागावले, पण उठून गेले नाहीत. तुझ्या यादीप्रमाणे सगळं पुन्हा भरलं, तेव्हा ठिपके ओट्यावरून हलले आणि ओढ्याच्या वळणावर गोल बसले, पंगतीला बसावेत तसे.

फक्त मधली जागा कोरी आहे. ते वावर तुमचं, चिंचेचं. चहूकडे खापरं आणि मध्येच काही नाही, हे सरांना पटत नाही. माझी माहिती पुन्हा चुकली असं त्यांना वाटतं, आणि तसं असेल तर ते खणणार नाहीत. भगवानराव मामाजी होते तेव्हा तेच ते वावर वखरायचे ना? त्यांना कधीच काही सापडलं नाही का?

उत्तराची वाट पाहते.
तुझी रेणुका

भीमपूर, २८ जानेवारी १९९२

चि. रेणुका हिस आशीर्वाद.

अकरा वर्षं जी चोरी कुणाच्या लक्षात आली नाही, ती तुझ्या यंत्राने पकडली.

तुझ्या मामाजींना, म्हणजे आमच्या ह्यांना, दरसाल सापडायचं. धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे, मला एकेक दाखवायचे आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर ठेवून यायचे. ते गेले तेव्हा तेराव्यानंतर मी एकटी ओट्यावर गेले आणि आमच्या बाजूची सगळी खापरं घरी आणली. देवाला म्हटलं, माणूस तू ठेवून घेतलास, त्यांनी वाकून उचललेलं तरी माझ्याकडे राहू दे. तेव्हापासून ती ज्वारीच्या कोठीत तळाशी आहेत, नंतर त्या वावरात निघालेलीही मी त्यांच्यातच ठेवत गेले. काल नागोरावाला सांगून टाकलं. तो हसला नाही.

टपालात देणार नाही, मी स्वतः आणते. शनिवारी आदिलाबादहून नागपूरची बस धरते, ठेचाही आणते. सरांना सांग, हरभरा निघाला की वावर मोकळं आहे. मात्र माझी एक अट आहे. तुझ्या मामाजींच्या खापरांचे ठिपके पडद्यावर उमटतील तेव्हा मला तुझ्याशेजारी खुर्ची हवी.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी आत्या,
गयाबाई