टपरीपाशी लावलेली मोपेड

अण्णा, आज मी माझ्याच मुलाच्या हातातून गाडीची किल्ली हिसकावून घेतली. रविवारची भर दुपार. त्यानं फ्रिजमधल्या दह्याच्या पातेल्यामागून बिअरचा कॅन काढला, माझ्यासमोर उघडला, संपवला आणि दुसरा घेतला. तुम्ही भोसरीच्या कारखान्यातून सुटलात की गुत्त्यावर जायचात, मग बडीशेप चघळत भिंतीच्या कडेनं घरात शिरायचात. माझे हे दार लावून स्टीलच्या पेल्यातून घेतात आणि विचारलं की "सरबत" म्हणतात. तुमचा नातू हिंजवडीत कामाला आहे, त्याला लपवणं ठाऊकच नाही. सूनबाईही त्याच्यातलाच घोटभर घेते. घेऊ देत मेलं! मी भाजी निवडत राहिले.

पण तो किल्ली घेऊन उठला. बायकोला आणि चिमुरड्या लेकीला घेऊन तळेगावला सासुरवाडीला निघाला होता, हायवेनं. मी पुढे होऊन किल्ली ओढून घेतली. "आई, बिअर आहे गं, दारू नाही! शेजारी ऐकतायत, तमाशा नको." यांनी पेपरात तोंड खुपसलं. नात रडायला लागली.

आणि मला तुमची मोपेड आठवली. प्यायलात की तुम्ही ती पानटपरीपाशी लावायचात आणि पायी घरी यायचात. सकाळी ती ढकलत आणायचं काम माझं. टपरीपाशी मोपेड दिसली की अख्ख्या चाळीला कळायचं, आज गडी पिऊन आलाय. मैत्रिणी फिदीफिदी हसायच्या. एकदा मी चिडून म्हणाले, "अण्णा, प्यायचीच तर प्या, पण गाडी घरी आणत जा ना!" तुम्ही दटावलंत, "पिल्यावर चाकाला हात लावायचा न्हाई, पोरी. लोकं हसंनात का." कारखान्यात प्रेस मशीनवर पिऊन आलेल्या सोबत्याची बोटं गेलेली तुम्ही डोळ्यांनी बघितली होती.

तेच मी आज मुलाला ऐकवलं, तुमच्याच सुरात. तो भाड्याची गाडी बोलावून, माझ्याशी न बोलता गेला. किल्ली तांदळाच्या डब्यात आहे, उद्या देईन. हे पत्र मात्र तिथंच राहील.

दारूनं तुम्हाला पन्नाशीच्या आत नेलं, आईला उघड्यावर टाकलं. ते मी माफ केलेलं नाही, अण्णा. पण खाली त्याची गाडी उभी आहे, गॅलरीतून दिसते. आज मला तुमच्या मोपेडची लाज वाटत नाही.