फोन तोडण्याआधीचा प्रश्न

आई, आज जेवणाच्या सुट्टीनंतर मला मीटिंगमध्ये बोलायचं आहे. न्यू जर्सीतल्या या छोट्या कंपनीत आम्ही घरगुती कॉम्प्युटरसाठी एक प्रोग्रॅम बनवतो. कॉम्प्युटर फोनच्या लाइनला जोडायचा आणि दूरच्या कॉम्प्युटरवर निरोप लिहायचे, आलेले वाचायचे. नव्या प्रोग्रॅममध्ये काय हवं, ते आज प्रत्येकाने सांगायचं आहे. कुणाला लाइन एंगेज असली तर आपोआप पुन्हा नंबर फिरवणारी सोय हवी आहे, कुणाला पडद्यावरून सरकून गेलेला मजकूर डिस्कवर साठवायचा आहे. मला एवढंच हवंय, की फोन तोडण्याआधी प्रोग्रॅमने एकदा विचारावं. आत्ता एक बटण दाबलं की लाइन तुटते आणि लिहीत असलेलं सगळं जातं. बॉसला मी हे मागे नुसतं सुचवून पाहिलं, तर तो हसला. लोकांना झटपट काम हवं असतं, प्रश्न नकोत, म्हणाला. शिवाय मशीनच्या एवढ्याशा मेमरीत असल्या लाडांना जागा कुठे? मी अजून प्रोबेशनवर आहे. व्हिसाही याच नोकरीवर. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून गावात माझं उदाहरण देतात, आणि मी इथे एका बटणापायी नोकरी घालवणार की काय, असं सारखं वाटतंय.

पण गप्प बसवत नाही. मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये राहते, त्या डॉक्टर काकांचा मुलगा मेडिकल सोडून कॅलिफोर्नियाला गेला. फोनवर दोघांचं भांडणच होतं, म्हणून आमचा प्रोग्रॅम लावून काका रविवारी त्याला लिहायला बसले. एका बोटाने, दुपारभर. शेवटी काहीतरी खोडायला गेले आणि बोट शेजारच्या बटणावर पडलं.

"अगं, गेलं सगळं! काय यार, हा तुमचा प्रोग्रॅम!"

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बरं झालं. पानभर लेक्चरच झोडलं असणार."

"लेक्चर नव्हतं," काका म्हणाले. मी म्हटलं, पुन्हा लिहा, मी बसते शेजारी. त्यांनी मान हलवली. "आता तसं नाही लिहिता यायचं." आणि कॉम्प्युटर बंद करून ते बर्फ उपसायला बाहेर गेले. त्यांनी काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही. अजून त्यांनी पुन्हा लिहिलेलं नाही.

तेव्हापासून मला आपल्या गावचं टेलिफोन एक्स्चेंज दिसतंय. शाळा सुटली की मी तुझ्या खुर्चीशेजारी स्टुलावर गृहपाठ करत बसते. तुझ्या कानाला हेडफोन, समोर फोन जोडायच्या दोऱ्यांचं जाळं. दोरी उपसण्याआधी तू दरवेळी विचारतेस, "झालं का बोलणं?" मागून साहेब ओरडतात, "बाई, ट्रंक कॉलला रांग लागलीय. ओढा ती वायर!" तू "हो साहेब" म्हणतेस, आणि पुढच्या कॉलला पुन्हा तेच विचारतेस. एकदा तू भाकऱ्या थापत असताना मी म्हटलं होतं, साहेब काढून टाकतील ना तुला, भीती नाही वाटत? तव्यावरची भाकरी उलटून तू म्हणालीस, "वाटते की. म्हणून हळू विचारते."

मीटिंग झाली. मी काकांचं सांगितलं, त्यांचं नाव न घेता. मग बॉस म्हणाला, करून दाखव; एक ओळ, त्याहून जास्त जागा नाही मिळणार, आणि लोक वैतागले तर काढून टाकू. म्हणजे टांगती तलवार आहेच. जाता जाता त्याने विचारलं, हे सुचलं कुठून तुला? मी म्हटलं, असंच.

असंच नव्हतं, आई. इथे आल्यावर काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, तुझी आई काय करायची गं? आजूबाजूला सगळे डॉक्टर, इंजिनिअर. मी "सरकारी नोकरी" म्हणाले आणि विषय बदलला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी तुझी दोरी, तुझं स्टूल, तुझा प्रश्न सगळं लपवून ठेवलं. हे पत्र ड्रॉवरमध्येच राहील. संध्याकाळी काकूंना सांगावं म्हणते. भीती वाटतेय, म्हणून हळू सांगेन.