क्षेत्रफळ कुणी शिकवलं?

बाई, तुम्हाला हे लिहायला बसेन असं मला वाटलं नव्हतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या वर्गातल्या आम्ही मुली आता आज्या व्हायला लागलोय. पण मार्चपासून माझ्या शाळेत जे काही झालं त्यानं तुमच्यावरचा जुना राग पुन्हा वर आला. तो कुणाजवळ बोलायला जावं तर समोरचं माणूस म्हणतं, "अगं, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस? लहान होतीस तेव्हा." लहान होते म्हणूनच तर! मोठ्या बाईला कुणी असं केलं असतं तर ती तिथल्या तिथे भांडली असती. सातवीतली मुलगी कुणाशी भांडणार? आणि तेही तुमच्याशी?

गिरगावातल्या आपल्या चाळीतलं तुमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड मला अजून जसंच्या तसं दिसतं. बाहेरच्या खोलीत तुमची आई खाटेवर पडून असायची, आणि आत स्वयंपाकघरात ओट्याखाली चटई टाकून मी बसलेली. आमच्या खोलीत माणसं फार, पुस्तक उघडायला जागा नाही, म्हणून आईनं मला तुमच्याकडे धाडायला सुरुवात केली होती. तुम्ही ना कधी शिकवणीचं नाव काढलंत, ना कधी "आज नको" म्हणालात. त्या दिवशी तुम्ही पिठल्यासाठी कांदा चिरताय. मी समलंब चौकोनाचं सूत्र घोकतेय आणि दर वेळी अडखळतेय. तुम्ही हात पुसता, खिळ्यावरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढता, त्याच्या मागच्या पुठ्ठ्यातून कात्रीनं एकसारखे दोन समलंब चौकोन कापता आणि माझ्यापुढे टाकता. "एक उलटा कर. आता दुसऱ्याला चिकटवून ठेव. काय झालं?" समांतरभुज चौकोन झालेला असतो. त्याचं क्षेत्रफळ मला येत असतं, पाया गुणिले उंची. "मग आपल्याला हवा तो केवढा?" "अर्धा!" मी एवढ्या जोरात ओरडते की बाहेरून तुमची आई विचारते, काय सांडलं गं? तुम्ही हसता. म्हणता, "सूत्र विसरलीस तर हे करायचं. दोन मिनिटांत परत मिळतं. घोकत बसू नकोस."

बाई, मी घोकणं सोडलं. तुमच्या शब्दावर सोडलं.

मग शाळेची तपासणी आली. सफारी सूट घातलेले साहेब मागच्या बाकाजवळ उभे होते. तुम्ही मला फळ्यापाशी बोलावलंत. "ही आमची हुशार मुलगी," असंही म्हणालात, ते शब्द मी विसरलेले नाही. समांतर बाजू सहा आणि दहा, उंची चार. मी आकृती काढली आणि तिला लागून तिचीच उलटी जोडी काढली. पाया झाला सोळा, सोळा चोक चौसष्ट, त्याचे अर्धे बत्तीस. खडू ठेवून मागे वळले तेव्हा मला वाटलं होतं, आता शाबासकी. साहेबांनी भुवया चढवल्या. "हे काय? पुस्तकात कुठे आहे हे? कुणी शिकवलं?"

मी तुमच्याकडे बघून हसले. कारण उत्तर तुमच्याजवळ होतं. तुम्ही नुसतं "मी" म्हणालात की झालं.

तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत. म्हणालात, "काही नाही साहेब, हिनं आपल्या मनानंच काहीतरी काढलंय. पूस गं ते. सूत्र लिही."

मी पुसलं. आणि सूत्र मला आठवेना. आठवणार कुठून? घोकायचं नाही असं मला सांगितलेलं होतं! साहेब हसले, "ही तुमची हुशार मुलगी का?" सगळा वर्ग हसला. तुम्ही "बस खाली" म्हणालात आणि दुसऱ्या मुलीला उठवलंत. तिनं धडाधड सूत्र लिहिलं, उत्तर काढलं, बत्तीस. माझं होतं तेच बत्तीस. तिला साहेबांनी "गुड" म्हटलं.

त्यानंतर काही दिवसांनी तुम्ही मला मधल्या सुट्टीत थांबवलंत आणि एक नवीकोरी कंपासपेटी हातात दिलीत. "घे. तुझ्याकडे नाहीये ना चांगली." बस्स, एवढंच. तिच्यावर मोर होता. आईला कोण आनंद झाला! बाईंनी दिली, बाईंनी दिली, असं ती मजलाभर सांगत सुटली. मी ती पेटी उघडलीसुद्धा नाही, पुढे धाकट्या भावानं वापरली. तुमच्याकडे यायचंही बंद केलं. एकदा तुम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होतात. मी खाली उतरत होते. "हल्ली येत नाहीस?" म्हणालात. "मैत्रिणीकडे करते अभ्यास," मी म्हटलं. तुम्ही मान हलवलीत आणि वर गेलात. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं, बाई. साहेबही नव्हते.

पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा तुमच्या एका सहकारी बाईंकडून कळलं की तुम्ही त्या वर्षी कायम नव्हतात. दर मे महिन्यात घरी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही याची वाट बघायची. साहेबांचा शेरा वाईट गेला असता तर तेवढं निमित्त पुरे होतं, आणि घरात आई अंथरुणाला खिळलेली. हे सगळं मला समजलं. मी स्वतः तशी नोकरी केली आहे, त्यामुळे चांगलंच समजलं. पण समजून राग गेला नाही. साहेबांसमोर नाही बोलता आलं, ठीक. पण दुसऱ्या दिवशी त्याच स्वयंपाकघरात "तुझं बरोबर होतं" एवढं म्हणायला कोणाची परवानगी लागत होती? त्यासाठी कंपासपेटी कशाला?

आता माझ्या शाळेचं सांगते. नायगावला आहे. बहुतेक मुलं बीडीडी चाळींतली. पुनर्विकासात काहींना नव्या टॉवरमध्ये घर मिळालं, काही अजून संक्रमण शिबिरात. या मुलांच्या घरी उठता-बसता चौरस फुटांचीच भाषा. कार्पेट किती, बाल्कनी धरली की नाही, शेजाऱ्याचा हॉल मोठा कसा. त्यामुळे बीजगणिताला जांभया देणारा आठवीचा वर्ग क्षेत्रफळाला खडबडून जागा होतो. मी फळ्यावर वेडावाकडा बहुभुज काढते आणि विचारते, कुठून तोडूया? कुणी त्रिकोणच त्रिकोण पाडतं, कुणी मधून रेघ मारून समलंब चौकोन काढतं. मग सगळ्यांची उत्तरं सारखी आली की त्यांना अगदी जादू झाल्यासारखं वाटतं. त्यांचे ते चेहरे बघायला मिळतात म्हणून तर मी इतकी वर्षं टिकले.

त्यात एक मुलगी आहे. दोन घट्ट वेण्या, आवाज खणखणीत, आणि प्रत्येक गोष्टीला "पण का?" तिची आई घरी मसाले कुटून विकते, मुलीच्या दप्तरालाही मसाल्याचा वास. चाचणीत आलेखाच्या कागदावर षटकोन दिला होता. हिनं तो तोडलाच नाही. त्याच्याभोवती आयताची चौकट काढली, आयताचं क्षेत्रफळ केलं आणि बाहेर राहिलेले दोन कोपरे वजा केले. मी हे शिकवलेलं नव्हतं. पेपर बघून मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले.

पण पेपर मी तपासायचे नव्हते. आमच्या संस्थेनं या वर्षी एक तरुण समन्वयक नेमलाय, बोलायला गोड, हातात कायम टॅब. सगळे पेपर त्याच्याकडच्या नमुना उत्तरांशी ताडून तपासले जातात. तिला त्या प्रश्नाला शून्य मिळालं. आणि याच चाचणीवरून नववीची खास तुकडी निवडायची होती. त्या तुकडीला शाळा सुटल्यावर जादा तास, फुकट. ज्यांना बाहेरचा क्लास परवडत नाही अशा मुलीला त्याचा अर्थ काय असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मी त्याला वर्गात बोलावलं. म्हटलं, स्वतः बघा. तो मागे उभा राहिला. मुलगी फळ्यापाशी गेली आणि चटचट मांडत सुटली. "हा आयत दहा बाय आठ, म्हणजे ऐंशी. हा कोपरा त्रिकोण, चार आणि तीनचा, त्याचे सहा. हा पाच आणि दोनचा, त्याचे पाच. ऐंशीतून अकरा गेले, एकोणसत्तर. झालं."

तो म्हणाला, "हे कुणी शिकवलं?"

बाई, शब्द तेच. तिच्याकडे बघायच्या आधीच मी म्हटलं, "मी." मोठ्यानं म्हटलं. त्या एका शब्दाची मी किती वर्षं वाट बघितली होती.

तर ती पोरगी माझ्याकडे वळली. कमरेवर हात. "बाई, तुम्ही कुठे शिकवलंत? माझं मी काढलंय!"

वर्ग खो खो हसला, मलाही हसू आलं. आणि लाजही वाटली, कारण तिला वाचवायच्या नादात तिचंच मी काढून घेत होते. समन्वयक मात्र हसला नाही. बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, "मॅडम, आन्सर करेक्ट आहे, मान्य. पण स्टेप्स मॅच होत नाहीत."

"कशाशी?"

"मॉडेल आन्सरशी."

"त्या षटकोनाला माहितीय का तुमचं मॉडेल आन्सर? रीत बरोबर असेल तर बोर्डाचा परीक्षकसुद्धा पूर्ण मार्क देतो. तुम्ही त्याच्याहून मोठे का?"

"तुम्ही हे पर्सनली घेताय मॅडम."

"हो. पर्सनलीच घेतेय!"

माझा आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावरचा शिपाई वर बघायला आला. दुसऱ्या दिवशी मुलीची आई मुख्याध्यापिकेच्या खोलीत हजर. पदराला हात पुसत उभीच राहिली, खुर्ची दिली तरी बसली नाही. समन्वयकानं तिला निकष, पद्धत, एकसूत्रता असं बरंच समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्या मालवणीत विचारलं, "उत्तर बरोबर असा मां? मगे शून्य कित्याक?" मुख्याध्यापिकेनं पेपर दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "बरं, हिला विशेष बाब म्हणून मार्क देऊ." मी म्हटलं, विशेष काय त्यात? बरोबर ते बरोबर. सगळ्यांचे पेपर काढा. नाहीतर मी हे पालकसभेत बोलेन. त्यांना ते आवडलं नाही. पण पेपर निघाले. आणखी काही मुलांची बरोबर उत्तरं शून्याखाली गाडलेली सापडली. मुलगी खास तुकडीत गेली.

जूनमध्ये वेळापत्रक लागलं. माझ्या नावापुढे पाचवी आणि सहावी. "तुमच्या घशाचा त्रास बघून ठरवलंय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. माझा घसा ठणठणीत आहे. व्हरांड्यात त्या मुलीनं मला गाठलं. "नववीला तुम्ही नाही? का पण?" मी काहीबाही सांगितलं. ती थोडा विचार करून म्हणाली, "मी जाऊन सांगू का त्यांना, की ते तुम्हीच शिकवलेलं?" मी म्हटलं, खबरदार! तू काढलंयस, तुझंच राहू दे. ती हसत पळाली. पाचवीच्या मुलांना मी आता चौकटी मोजायला शिकवतेय. तीही मुलंच आहेत, वाईट काही नाही. पण मला शिक्षा झालीय हे मला कळतं, आणि ती कशाची झालीय हेही. मला त्याचा भयंकर संताप येतो, आणि तो ओसरावा असं मला मुळीच वाटत नाही.

तुम्ही घाबरलात, बाई. मला ते आता तुमच्याइतक्याच जवळून माहीत आहे. पण मी कायम नोकरीतली, निवृत्तीला आलेली, नवरा कमावता. तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मी विचारून बघितलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं. त्या उत्तरानं तुम्हाला माफी मिळेल अशी मला भीती वाटते, आणि ती मी एवढ्या सहज देणार नाही.

हे पत्र जाणार कुठे? आपल्या चाळीच्या जागी आता काय उभं आहे ते बघायलाही मी कधी गेले नाही. उद्या फाडून टाकीन बहुधा. फक्त एक सांगून टाकते. त्या दिवशी ती मुलगी "माझं मी काढलंय" म्हणाली, आणि वर्ग सुटल्यावर मला ते कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. नवरा होता, मुलगा होता, मैत्रिणी होत्या. पण बाई, मनात पहिलं नाव आलं ते तुमचं. त्याचाही मला रागच आला.