बाधेचा रकाना

ब्राह्मणपारा, रायपूर
१२ जानेवारी २००१

चि. सौ. मंदास,
गोदूताईचे अ. उ. आ.

सगळ्यात पहिले आपल्या नात्यातली लता आली, तात्यापारा मोहल्ल्यातून, अन् तिच्या मागं तिचे सासरे श्यामकांतभाऊजी, खांद्यावर तांब्याच्या तारेचं वेटोळं घेऊन. भाऊजी रेल्वेच्या तारघरात होते. रिटायर झाले, पण हातची खाज काही गेली नाही. नात गंधाली जर्मनीले शिकाले जाताना मले रेडिओ देऊन गेली, हे तुले ठाऊक आहे. तिथलं हिंदी स्टेशन रोज संध्याकाळी सातले लागते. पण नुसती खरखर, कढईत मोहरी तडतडावी तशी. भाऊजी म्हणाले, वहिनी, रेडिओ चांगला आहे, त्याले कान नाहीत. मग गच्चीवर टाकीच्या पाइपापासून तर जिन्याच्या खांबापर्यंत तार ताणली. दोन्ही टोकाले चिनी मातीचे गट्टू, विजेच्या खांबावर असतात तसे, अन् एक शेपूट खाली माझ्या खिडकीतून रेडिओले. सातले लावलं, तर रेडिओतली बाई अशी बोलली जशी माझ्या पाटावर बसली आहे! गंधालीच्या गावात बर्फ पडून राहिला म्हणे. मी इथं शाल पांघरून बसली.

पाऱ्यातल्या बायका पाहाले आल्या. वरच्या मजल्यावरून माझी धाकटी जाऊ सुनीतीही उतरली. सगळ्यांसमोर म्हणाली का रायपूर आता राजधानी झालं अन् आमच्या मोठ्या बाई घरावर तारा लोंबवतात. अन् चौथी पास बाईले जर्मनी कायची समजते, कुईकुई ऐकते अन् मान डोलावते. बायका हसल्या. मीही हसली, दात दिसतील इतकीच.

दुसऱ्या दिवशी पावणेसातले रेडिओ मुका. गच्चीवर जाऊन पाहते तर माझ्या तारेवर तिच्या दोन ओल्या साड्या अन् मधात तिच्या नवऱ्याची, यशवंतरावची, पट्ट्यांची चड्डी! विचारलं काहून, तर म्हणे तार दिसली का माणूस कपडे टाकतेच. तेव्हापासून रोज पावणेसातले. जन्मभर सकाळी धुणारी बाई आता संध्याकाळी धुते. चार दिवस झाले, पोट्टीच्या गावचं काही कळलं नाही. मी सुनीतीले सोडत नाही, मंदा.

तुह्या घरच्या साऱ्यांवर माझा जीव आहे, तुहा माझ्यावर राहू दे.
गोदूताई

अमरावती
२६ जानेवारी २००१

ती. गोदूताईस,
मंदाकिनीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हे इतके हसले की चहा सांडला. चड्डीचा भाग मी दोनदा वाचून दाखवला. पण ताई, गुडघे तसले अन् तू जिने चढतेस, याची मला काळजी वाटते. पावसाळ्यात वीज चमकली की तारेचं टोक रेडिओतून काढून ठेवत जा, असं हे बजावून सांगतात.

सुनीतीसाठी मी साधा उपाय सांगते. कात्री घे आणि साडीचा पदर काप, तारेत अडकून फाटला म्हण. तुला पटणार नाही, ठाऊक आहे मला. लहानपणी मी तुझी बोरं खाल्ली तर तू मारलं नाहीस, पुढे माझ्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना सांगितलंस की मुलगी झोपेत घोरते. तेव्हा जे करशील ते बेताने कर. एका घरात राहायचं आहे तुम्हाला.

आठवण ठेवत जा, रागावलीस तरी चालेल.
तुझी मंदा

ब्राह्मणपारा, रायपूर
५ एप्रिल २००१

चि. सौ. मंदास,
गोदूताईचे अ. उ. आ.

कात्री नाही लागली, बाई. टाक पुरला.

ऐक. जर्मनीवाले ऐकणाऱ्यांकडून कागद भरून मागतात. कोणत्या दिवशी ऐकलं, किती वाजता, आवाज कसा. भाऊजींनी तो मागवून देला. त्यात एक रकाना होता, बाधा. भाऊजी म्हणाले, इथं एक ते पाच आकडा टाकायचा, दुसरं स्टेशन मधात येते का ते त्याईले समजते. आता मले कारण पक्कं ठाऊक, मी आकडा कायले टाकू? माझ्या हातानं लिहिलं: “बाधा मेरी देवरानी सुनीतीबाई की दो गीली साड़ी और यशवंतराव की पट्टेवाली चड्डी की है। रोज पौने सात बजे।” भाऊजींनी कपाळावर हात मारला, पण पोस्टात त्याईनंच टाकलं.

महिन्याभरानं कार्ड आलं, बुधवारी चार तारखेले पत्रांच्या कार्यक्रमात वाचतो म्हणून. मी तडक वर गेली अन् सुनीतीले सांगितलं का जर्मनीवाले तुहं नाव घेणार आहेत. खोटं काय बोलली मी? तिचे डोळे असे झाले! दुपारीच तिनं आपल्या हातानं तारेवरचे कपडे काढले, ओल्या फडक्यानं तार पुसली. शेजारी मंत्रालयातल्या साहेबांची बायको पूर्णिमाबाई राहाले आली आहे, जिच्यापुढं सुनीती महिनाभर शेपूट हलवून राहिली, तिलेच बोलावणं. मी भजी तळली. यशवंतराव कोट घालून बसला.

तार इतकी साफ का निवेदकाचा श्वास ऐकू येत होता. रायपुर, ब्राह्मणपारा म्हणाला, अन् सुनीतीनं पदर सारखा केला. मग तिचं नाव आलं, मग साड्या, मग चड्डी. निवेदकालेच हसू आवरेना, त्यानं पट्टेवाली दोनदा म्हटलं. यशवंतरावच्या हातात भजं तसंच. पूर्णिमाबाईच्या डोळ्यातून पाणी, पोट धरून हसत म्हणे, दीदी, ये तो पूरी दुनिया ने सुना. सुनीती डोकं दुखते म्हणून उठली. मी बाम नेऊन देला, हव, स्वतः.

आज सकाळी ती खाली आली. तारेले पुन्हा बोटही लावत नाही म्हणे, फक्त रविवार जाईपर्यंत ती उतरवून ठेवा मोठ्या बाई, पाया पडते. मी तिले प्रेमानं उठवलं, चहा पाजला, अन् नाही म्हटलं. गंधालीच्या गावात आता झाडाले पालवी फुटून राहिली, ते मी काहून सोडू?

गुडघे बरे आहेत. लोभ कमी करू नको, माझा स्वभाव असाच आहे.
गोदूताई

ता. क. रविवार राहूनच गेला सांगायचा. तोच कार्यक्रम त्या दिवशी पुन्हा लागते. पूर्णिमाबाई साहेबाले घेऊन येते म्हणाली, अन् मंत्रालयातल्या आणखी चारपाच जणी. रविवारी, आठ तारखेले, सातच्या आत.