पेजेत काय जीव असतो?

प्रिय बाय,

काल तुझ्या गावच्या ग्रामसभेत भांडून आले. सगळ्यांसमोर सांगून आले की हे माझ्या बहिणीला मीच कळवते, तेव्हा आता कळवायलाच हवं. तू गेल्याला वर्ष होत आलं. मेलेल्या माणसाला पत्र कसलं लिहितेस, असं इथे घरात सगळे विचारतायत. विचारू देत. शाळेत शिकवत होते तेव्हाही राग आला की लिहून काढल्याशिवाय मला घास उतरायचा नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आधी बातमी. तुझी शुभा बाळंतपणाला माहेरी आलीय. सातवा संपत आला. भावोजी तिच्यासाठी स्वतः शहाळी पाडून घेतात आणि सोलून हातात देतात, तुला कधी दिलं नसेल एवढ्या कौतुकाने. पण पोरीचं रक्त कमी आहे, आणि परवाच्या तपासणीत साखरही जरा वर निघाली. ऐकलं आणि आधी हेच मनात आलं, ही पण आईच्याच वाटेने निघाली की काय? आणि त्यावर उपकेंद्रातल्या नव्या नर्सबाईंनी तिला काय सांगावं? "सकाळची पेज बंद करा."

बाय, माझं डोकंच फिरलं. हे वाक्य मी तुझ्या वेळी ऐकलं होतं.

शिबिरात तुझी साखर निघाली तो दिवस आठवतो ना? डॉक्टर कोवळा मुलगा, घाटावरचा, वागायला चांगला. त्याने विचारलं, सकाळी काय खाता? तू म्हणालीस, पेज. तो हसला. "मावशी, पेज आजाऱ्याला देतात. पेजेत काय जीव असतो? ती बंद करा आणि काहीतरी सकस खा." त्याच्या गावाकडे पेज म्हणजे ताप आलेल्या माणसाला चमच्याने पाजायचं पांढरं पाणी. तो तरी काय करणार? पण तू कसली पेज जेवायचीस, हे त्याने विचारलंच नाही. उकड्या तांदळाची, तळाला शितं बसलेली, सोबत कुळथाची पिठी नाहीतर चवळीची उसळ, आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा. दहा वाजताचं भरपोट जेवण होतं ते! ते जेवून तू दुपारपर्यंत मळ्यात वाकलेली असायचीस. तू एक शब्द बोललीस आणि त्याला भलताच ऐकू आला.

आणि तू? वहाळाच्या पाण्यावरून अख्ख्या भावकीला गप्प बसवणारी बाई, तिथे तोंड शिवून बसलीस. मी मध्ये बोलायला गेले तर मलाच दटावलंस, "गप रव गो. शिकलेलो माणूस तो, तेका आपल्यापेक्षा जास्त कळता." शिकलेल्या माणसाचं इतकं कसलं दडपण गो तुला? मी नव्हते का शिकलेली? माझं कधी ऐकलंस ते?

पेज बंद झाली, मग दहा वाजता काय? चहा. आणि चहात बुडवायला बेकरीतले मैद्याचे बटर, कारण ते हलके असतात अशी तुझी समजूत. पोट काही भरायचं नाही, म्हणून बाराला परत चहा, परत बटर. साखर वाढली की डॉक्टर गोळी वाढवायचा आणि तू आणखी धास्तावायचीस. मग मळ्यात केगदीच्या पानाचा काटा पायात मोडला आणि ती जखम भरलीच नाही.

पेज जेवत राहिली असतीस तर वाचली असतीस, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता यायचं नाही. पण जे तुला सोसत होतं ते ताटातून गेलं आणि त्याच्या जागी मैदा आला, एवढं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. कसल्या तांदळाची पेज, आणि किती, एवढं विचारायला त्या पोराला कितीसा वेळ लागला असता?

तांदळाचं तर वेगळंच रामायण. उकडे वेगळे आणि सुरय वेगळे, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. भात आधी उकडून, वाळवून मग भरडलं की ते उकडे. न उकडता काढलेला पांढरा तांदूळ तो सुरय, सणावाराचा, नैवेद्याचा. सरकारच्या लेखी दोन्ही नुसते तांदूळ. आपलं भात खरेदी केंद्रावर घालायचं, ते ट्रकात बसून कुठेतरी मुलूखगिरीला जातं, आणि रेशनवर आपल्याला येतो तो कुठल्या तरी लांबच्या गिरणीतला सुरय. त्याची पेज केलीस तेव्हा पातेल्यात बघून म्हणाली होतीस, "हेची लुगड्यांक खळ घाल."

मग त्या रेशनच्या तांदळात ते वेगळे दाणे दिसायला लागले. वाडीत बातमी उठली की प्लास्टिकचे तांदूळ आलेत. तू अंगणात सूप घेऊन बसायचीस आणि ते दाणे वेचून वेचून कोंबड्यांना टाकायचीस. शेजारची काकीही तेच करायची. नंतर मी चौकशी केली तेव्हा कळलं, ते लोह घातलेले दाणे होते, बायकांचं रक्त वाढावं म्हणून मुद्दाम मिसळलेले. दुकानदाराने कधी सांगितलं नाही. आरोग्यवाल्यांनी सांगितलं नाही. रक्त वाढलंच असेल तर ते तुझ्या कोंबड्यांचं वाढलं असेल.

मला सांग, आधी तांदूळ घासून घासून पांढरा करायचा, त्याचं सत्त्व कोंड्याबरोबर घालवायचं, मग कारखान्यात सत्त्वाचे दाणे बनवून त्यात मिसळायचे, आणि का मिसळले ते खाणाऱ्या बाईलाच सांगायचं नाही. याला धोरण म्हणायचं?

चतुर्थीच्या आधी रेशनवर सणाचा शिधा आला, त्यात साखर आणि तेल. त्याच सुमाराला आशाताई तुझ्या साखरेवरच्या गोळ्या घेऊन आली. तू दोन्ही पिशव्या पडवीतल्या एकाच खुंटीला अडकवल्यास. मी तेव्हा हसले होते. आता ती खुंटी दिसली की मला संताप येतो.

आणि नाचणीची ती स्पर्धा! नाचणी खा, भरड धान्य खा, असा सगळीकडे गजर चालला होता. तू हौसेने नाचणीची भाकरी आणि वालीच्या भाजीचं ताट घेऊन गेलीस. परीक्षकबाई म्हणाल्या, हे तर रोजचंच, काहीतरी नवीन आणायचं होतं. बक्षीस गेलं केकला. त्यात नाचणी औषधापुरती, बाकी मैदा, साखर आणि वर चेरी. घरी येऊन तू ती भाकरी मला वाढलीस आणि म्हणालीस, "रोजचाच खावन आमी जगलो, ता चुकलाच आमचा." ती भाकरी मी सगळी खाल्ली.

तर आता कालचं. ग्रामसभेत अंगणवाडीच्या आहाराचा विषय होता आणि तालुक्याहून अधिकारी आले होते. गरोदर बायकांना गोड पिठाची पाकिटं देतात ना, ती शुभाला आधीच जात नव्हती, आणि साखर निघाल्यावर तर खाऊच नयेत. ती पाकिटं सध्या गाय खाते. म्हणून मी उठले. सरपंच लगेच आडवे आले, "तुमी मालवणात रवतास. हयच्या मतदार नाय तुमी."

आणि बाय, तुझे यजमान उभे राहिले. चारचौघांत कधी हूं की चूं न करणारे भावोजी. म्हणाले, "तिचा बोलणा ता माझाच समजा." एवढं बोलून खाली बसले आणि कपाळावरचा घाम पुसत राहिले. तू असायला हवी होतीस ते बघायला.

मग मी सांगितलं. म्हटलं, साहेब, पाकिटं नकोत. अंगणवाडीत गरोदर बायकांना आणि पोरांना दहा वाजता पेज द्या. उकड्या तांदळाची, बरोबर पिठी किंवा उसळ. तांदूळ बाहेरून आणू नका, आमचंच भात आमच्यासाठी उकडून द्या. ते बिचारे लिहून घेत होते. मध्येच थांबले, मान वर केली आणि अगदी काळजीच्या आवाजात विचारलं, "पेज? का हो, कोण आजारी आहे?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. शुभा माझ्या शेजारीच बसली होती, तिने माझ्या पदराला हात घातला. मी गप्प बसावं म्हणून घातला असेल, पण ती तुझी खोड आहे आणि मला ती आता कुणाचीच चालायची नाही.

"आजारी होती ती गेली," मी म्हटलं. "जी बरी आहे तिच्यासाठी मागतेय."

अधिकारी ओशाळले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "बाई, आहार वरून ठरून येतो, माझ्या हातात काही नाही. पण मी वर कळवतो."

"वर माझी बहीण आहे," मी म्हटलं. "तिला मीच कळवीन. तुम्ही फक्त खाली बघा, खाली कोण काय जेवतं ते."

तेव्हा बाय, हे कळवलं. त्यांनी पुढे काय लिहिलं ते मला माहीत नाही, त्यांची गाडी गेली.

आता माझा शब्द घे. कापणी आटोपलीय. या वर्षी सगळं भात केंद्रावर जाणार नाही, भावोजींनी कबूल केलंय. शुभाला पुरेल एवढं मागे ठेवून तुझ्याच तांब्याच्या मोठ्या भाणात उकडायचं, अंगणात वाळवायचं, आणि गिरणीत मी स्वतः उभी राहून फार न घासता आणायचं. मग शुभाला घेऊन डॉक्टरांकडे जाईन, पेजेचा डबा टेबलावर उघडून ठेवीन आणि विचारीन, यातली किती चालेल ते सांगा. मोजून सांगितली तर मोजून देईन. पण आत काय आहे ते न बघता "बंद करा" म्हणाले, तर तिथून हलणार नाही. पुढच्या ग्रामसभेलाही येणार आहे, मतदार असो नसो.

आणि एक. तू रोज दहाच्या सुमाराला फोन करून मला विचारायचीस ना, "पेज झाली गो?" तुझी बंद झाल्यावरसुद्धा विचारायचीस. मी म्हणायचे, झाली, आणि पलीकडे तू चहात बटर बुडवत असायचीस. तो फोन आता मी शुभाला करणार आहे. तिने मला नुसतं "चहा घेतला" म्हणून सांगितलं ना, तर मिळेल त्या एस्टीने येईन आणि तुझ्या चुलीवर पेज ठेवीन.

आताच पेज जेवून उठलेली,
तुझी धाकली,
सुमन