चार वाजताची पाटी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

घरात काहीतरी शिजतंय. मी आलो की पौर्णिमा, माझी नात, लॅपटॉप अर्धा मिटते. फोनवर अकोल्याचा मनोज, तिच्या कॉलेजातला. "रिअ‍ॅक्ट घेऊ का व्ह्यू?" दिवसभर हेच! शेवटी विचारलं. म्हणे, "आबा, मोबाईलवर उघडणारं पान बनवून राहिलो, आपल्या अकरा घरांसाठी. उद्या काय तोडायचं ते ज्यानं त्यानं वावरातूनच टाकायचं."

म्हणजे माझी पाटी!

सोळा वर्षं झाली. चार वाजले की अकरा घरांचे फोन मला येतात. कोणाची मेथी, कोणाची शेवंती — पाटीवर लिहितो, पाळी लावतो. नाहीतर एकाच दिवशी सगळ्यांची मेथी बाजारात. गोदाबाई तर आधी दहा मिनिटं दुखऱ्या पायाचं सांगते, मेथी शेवटी.

आता म्हणे पान.

५ नोव्हेंबर, बुधवार

रिअ‍ॅक्ट, व्ह्यू ही फ्रेमवर्कची नावं. फ्रेमवर्क म्हणजे काय ते तिनं समजावलं. तयार सांगाडा, आपलं पान त्यात बसवायचं. म्हटलं, हे तर वृत्त! मात्रा आधीच ठरलेल्या, शब्द आपण भरायचे. दर्यापूरच्या शाळेत मोतीराम गुरुजी टेबलावर रूळ वाजवत लघु-गुरू म्हणून घ्यायचे. खिडकीबाहेर कापसाच्या गाड्या, आत आम्ही चाळीस पोरं एका ठेक्यात. अजूनही वाफ्यात पाणी सोडताना तो ठेका पायात येतो...

ती हसली. "बस, तसंच. पण रिअ‍ॅक्टचा सांगाडा जड, व्ह्यूचा हलका. जुन्या फोनवर कोणता पटकन उघडते ते पाहायचं आहे." आणि माझ्या फोनकडे पाहिलं.

काहून माझाच फोन?

८ नोव्हेंबर, शनिवार

रिअ‍ॅक्टवालं पान आलं. "विहिरीपाशी जाऊन उघडा आबा, तिथं रेंज कमी आहे. चाक किती वेळ फिरते सांगा."

फिरलं. तीनपर्यंत मोजलं — उघडलं! हिरवी पाटी, अकरा नावं. पाळीही पानच लावतं. माझं नाव कुठेच नाही. दोनदा पाहिलं.

घरी येऊन म्हटलं, "फिरतच राहिलं."

११ नोव्हेंबर, मंगळवार

व्ह्यूवालं. आणखी लवकर उघडलं. "नाही उघडलं," म्हटलं. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान हलवली.

ही पोरगी काही लपवते आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तिच्यासोबत अकोल्याला गेलो. मुद्दाम — माझ्या पाठीमागे काय ठरतं ते ऐकायला. जठारपेठेत मनोजची खोली, खाली झेरॉक्सचं दुकान. चहा दिला आणि लगेच सुरू: "आबा, तुमचा फोन आहे का दगड? साऱ्या जगात चालते, तुमच्यापाशीच काहून नाही चालत? द्या बरं इकडे." मी फोन खिशात घातला.

"राहू दे," पौर्णिमा म्हणाली. "आबा नाही म्हणतात, म्हणजे नाही. सांगाडाच नको. मी सगळं हातानं लिहिते."

"पंधरा दिवसांचं काम पाण्यात घालतं का?"

"घालते."

म्हणजे मुक्तछंद! मला मुक्तछंद कधीच आवडला नाही. परतताना बडनेऱ्यापर्यंत ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती. चेहरा एवढासा झालेला. मी बाहेर पाहत राहिलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज अकराही घरं अंगणात जमली. अकराही फोनवर तिनं हातानं लिहिलेलं पान उघडलं. सगळ्यांसमोर माझ्याही.

खुशालराव म्हणाले, "भगवंतभाऊ, आता तुमाले आराम!" सगळे हसले.

आराम!

१९ नोव्हेंबर, बुधवार

चार वाजले. फोन नाही. पाटी पुसली. कोरीच होती.

२० नोव्हेंबर, गुरुवार

राहवलं नाही. विचारलं, "तुझं ते पान आमच्यावर नजर ठेवतं का?" मला वाटतच होतं!

"हो," ती म्हणाली. "कोणाच्या फोनवर किती वेळात उघडलं, ते माझ्याकडे येते." लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पूर्ण उघडा. आठ तारीख, माझा फोन — तीन सेकंद. अकरा तारीख — दोन.

"मग तेव्हाच काहून नाही बोलली?"

"मनोजसमोर तुमाले खोटं पाडू का, आबा? पान काय, दुसऱ्यांदा लिहिता येते."

गुरुजींचा रूळ हातावर बसला असता तर बरं वाटलं असतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सव्वाचार. फोन वाजला! गोदाबाई.

"भाऊ, मेथी मोबाईलात टाकली बरं."

"मग फोन काहून केला?"

"घ्या! दोन दिस झाले, तुमच्या फोनची वाट पाहून राहिली. माह्या पायाचं कोण इचारन?"